त्या खोलीत भांडायला कुणी नव्हतं

२३ हजार. हीदर हॅलेट यांच्या कोविड चौकशी आयोगाचा दुसरा अहवाल २० नोव्हेंबर २०२५ ला बाहेर आला आणि शेकडो पानांतला हा एकच आकडा सगळ्यांनी उचलला. ब्रिटनने २३ मार्च २०२० ऐवजी आठवडाभर आधी टाळेबंदी लावली असती, तर पहिल्या लाटेत एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २३ हजार मृत्यू कमी झाले असते, असं अहवाल सांगतो. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, ही माणसं तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या बेफिकिरीने गेली, आणखी काय शोधायचं? दुसरा म्हणाला, हा संगणकाने मांडलेला हिशेब आहे, टाळेबंदी हीच मुळात घोडचूक होती. मी लेस्टरला राहतो. ते सगळे महिने इथेच काढले आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं माझ्या शेजारात आहेत. तरी मला हा वाद चुकीच्या जागी उभं राहून घातलेला वाटतो. ब्रिटनची मोठी चूक मार्चमधल्या एका आठवड्याची नव्हती. जानेवारीच्या अखेरीपासून देशाचे निर्णय मूठभर माणसांच्या बंद खोलीत गेले. या माणसांना जिथे कुणी आडवं गेलं असतं, त्या जागा एकेक करून बाजूला पडल्या. मंत्रिमंडळ, संसद, नगरपालिका, सरकारच्या यादीत नसलेले शास्त्रज्ञ, कुणीच आत उरलं नाही. उशीर झाला तो त्यामुळे.

जॉन्सन यांच्याबद्दल मला कणव आहे म्हणून मी हे लिहीत नाही. एप्रिल २०२० मध्ये आमच्या घरातलं एक वडीलधारं माणूस गेलं. दहनगृहात मोजक्या लोकांनाच परवानगी होती, बाकीचे आम्ही मोबाईलवर बघत होतो. इथे शेवटी शवपेटीसमोर पडदा सरकतो. तो अर्ध्यावर आला आणि चित्र अडकलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. पुढे डाऊनिंग स्ट्रीटवरच्या मेजवान्या उघडकीला आल्या, पोलिसांनी ८३ जणांवर मिळून १२६ दंड लावले, खुद्द पंतप्रधान आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांनाही दंड झाला, तेव्हा तो अर्ध्यावरचा पडदा माझ्या डोळ्यांसमोर आला. आणीबाणीसाठी भरणाऱ्या कोब्रा समितीच्या सुरुवातीच्या पाच बैठकांना जॉन्सन गेले नाहीत. ३ मार्चला, आपण रुग्णालयात सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, असं त्यांनी पत्रकारांसमोर आनंदाने सांगितलं. हे खरं आहे आणि माफ करण्यासारखं नाही.

पण दोष एका माणसाच्या स्वभावाचा असता, तर एडिंबरा आणि कार्डिफची सरकारं वेळेत जागी व्हायला हवी होती. स्कॉटलंडच्या निकोला स्टर्जन आणि वेल्सचे मार्क ड्रेकफर्ड हे जॉन्सन यांचे कट्टर विरोधक. दोघांचीही राजवट जबाबदार आणि अभ्यासू म्हणून ओळखली जाई. तरी तिथली टाळेबंदीही २३ मार्चचीच. १४ आणि १५ मार्चच्या रात्री कार्डिफच्या बंदिस्त सभागृहात हजारो लोक एका प्रसिद्ध बँडचं गाणं ऐकायला दाटीवाटीने जमले होते. जे केलं ते अपुरं केलं आणि उशिरा केलं, हा ठपका हॅलेट यांनी लंडन, एडिंबरा, कार्डिफ आणि बेलफास्ट अशा चारही सरकारांवर ठेवला आहे. मग जॉन्सन यांचं नाव घेऊन फाईल मिटवायची कशी? माणूस बदलला की प्रश्न सुटला असं मानणं सोयीचं असतं. यंत्रणेला हात लावावा लागत नाही.

फेब्रुवारी कसा गेला ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे. वूहानमधल्या पहिल्या रुग्णांचा तपशील २४ जानेवारीला लॅन्सेटमध्ये, म्हणजे ब्रिटनच्याच नियतकालिकात छापून आला. ३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. ३१ तारखेला ब्रिटनमधले पहिले दोन रुग्ण नक्की झाले. त्यानंतरच्या महिन्याला आयोगाने वाया गेलेला महिना म्हटलं आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात लोम्बार्डीतले अतिदक्षता विभाग भरत होते. ८ मार्चला लोम्बार्डी बंद झाली, दुसऱ्या दिवशी सगळी इटली. आणि १० मार्चपासून चार दिवस चेल्टनमच्या घोड्यांच्या शर्यतींना मिळून अडीच लाखांच्या आसपास लोक आले. ११ मार्चला माद्रिदमधल्या शाळा बंद झाल्या. त्याच दिवशी माद्रिदचे तीन हजार प्रेक्षक लिव्हरपूलच्या मैदानात सामना बघत बसले होते. १२ मार्चला सरकारने रुग्णालयाबाहेरच्या चाचण्या थांबवल्या.

मग १३ मार्चला काय झालं? आदल्या रात्री आर्सेनलच्या प्रशिक्षकाला लागण झाल्याचं कळलं आणि प्रीमियर लीगने सामने थांबवले. सरकारने सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं. सरकारच्या टाळेबंदीआधी पूर्ण दहा दिवस. लोकही घरात बसायला लागले होते. आमच्या भागातल्या कितीतरी आयांनी १६ तारखेच्या सोमवारी मुलांना शाळेत पाठवलंच नाही. शाळा बंद व्हायला अजून चार दिवस होते. इकडे सरकारी वर्तुळात काळजी चालली होती ती लोक कंटाळतील याची. निर्बंध फार लवकर घातले तर माणसं पाळून पाळून थकतील आणि ऐन वेळी ऐकणार नाहीत, म्हणून योग्य वेळेची वाट बघायची. या थकव्याला पुरावा काय, असं विचारणारं खुलं पत्र सहाशेहून अधिक वर्तनशास्त्रज्ञांनी लिहिलं. देशात इतके जाणकार बाहेर उभे राहून हा प्रश्न विचारत होते, तो खोलीच्या आत कुणी वेळेवर का विचारला नाही?

इथे मंत्र्यांचं एक वाक्य आठवतं. ‘आम्ही विज्ञानाच्या मागोमाग चाललो आहोत.’ रोज संध्याकाळी पाच वाजता, दोन्ही बाजूंना मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी आणि मुख्य वैज्ञानिक सल्लागार पॅट्रिक व्हॅलन्स उभे करून हे वाक्य म्हटलं जाई. ऐकायला नम्र वाटतं. मला ते जबाबदारी टाळणं वाटतं. किती मृत्यू, किती बेकारी, किती मुलांचं शिक्षण आणि किती म्हाताऱ्यांचा एकटेपणा हा देश सोसायला तयार आहे, याचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत नसतं. साथ कशी पसरेल याचे अंदाज शास्त्रज्ञ देतात, तेही जर-तरच्या भाषेत. त्यातून निवड करायची ती निवडून आलेल्यांनी. झालं असं की शास्त्रज्ञ मंत्र्यांना काय झेपेल याचा अंदाज बांधत राहिले आणि मंत्री शास्त्रज्ञांच्या एकमताची वाट बघत राहिले. सरकारला सल्ला देणाऱ्या ‘सेज’ या गटात कोण आहेत, हेदेखील मे २०२० उजाडेपर्यंत जनतेला अधिकृतपणे माहीत नव्हतं. ज्यांची नावंच ठाऊक नाहीत, त्यांच्या सल्ल्याशी वाद कसा घालायचा?

जाणकाराने सांगावं आणि सामान्यांनी ठरवावं, याचं लंडनइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे सापडणार नाही. १८५४ च्या कॉलऱ्यात सोहो भागात शेकडो माणसं दगावली. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी तिथला स्थानिक कारभार बघणाऱ्या पॅरिश मंडळाची बैठक चालू असताना डॉ. जॉन स्नो आत गेले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी हेच कारण आहे, असं त्यांनी सांगितलं. मंडळात डॉक्टरांचा भरणा नव्हता. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो, असंच तेव्हाच्या बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं, आणि मंडळींनाही स्नो यांचं सगळं पटलं होतं असं नाही. तरी दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतः प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं आहे, म्हणून मी या गोष्टीला चमत्कार म्हणणार नाही. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. गल्लीत कोण मेलं ते माहीत असलेली माणसं बसली होती, त्यांनी ऐकून घेतलं, अपुऱ्या पुराव्यावर ठरवलं आणि निर्णय स्वतःच्या नावावर घेतला.

याउलट बंद खोलीचं उदाहरणही ब्रिटनकडे आधीपासून होतं. १९९० मध्ये गाईंच्या मेंदूरोगाची भीती पसरली, तेव्हा कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बीफ बर्गर धरला. १९९६ मध्ये सरकारला संसदेत कबूल करावं लागलं की हा रोग बहुधा माणसांपर्यंत पोचला आहे. पुढे २००० साली चौकशी समितीने सांगितलं की सरकारने लोकांना जाणूनबुजून फसवलं नव्हतं. धोका फार दूरचा आहे अशी त्यांची खरोखरच समजूत होती, आणि लोक घाबरतील या काळजीपोटी धीर देण्याच्या नादात ते वाहवत गेले. वीस वर्षांनी तीच समजूत, तीच काळजी. खलनायक शोधत बसलं की हे निसटतं. चांगल्या हेतूंची, हुशार माणसं एकाच खोलीत एकमेकांशी सहमत होत बसली की अशीच चुकतात.

आणि त्या खोलीत कोण नव्हतं, याची किंमत आकड्यांतही दिसते. १७ मार्च ते १५ एप्रिल २०२० या काळात रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या करण्यासाठी सुमारे २५ हजार लोकांना वृद्धांच्या निवासांमध्ये हलवलं गेलं. निघताना प्रत्येकाची चाचणी करण्याचं बंधन तोवर नव्हतं. लक्षणं नसलेला माणूस रोग पसरवू शकतो, ही शक्यता तेव्हा जाणकारांत बोलली जात होती. तिचा विचारच झाला नाही म्हणून हे धोरण बेकायदा होतं, असा निकाल उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. अशा निवासात काम करणाऱ्या, मूळच्या सोलापूरच्या एक ताई आमच्या ओळखीच्या आहेत. त्या महिन्यात रात्रपाळीला त्या कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाडून एप्रन म्हणून बांधायच्या. त्या म्हणतात, “आम्हाला नुसतं विचारलं असतं, पेशंट पाठवू का, तर आम्ही पहिला प्रश्न केला असता, ठेवू कुठे? वेगळी खोली आहे कुठे?” हा प्रश्न विचारायला साथरोगशास्त्राची पदवी लागत नाही. निवास चालवणारं एक माणूस टेबलाशी असावं लागतं. हेलन मॅकनमारा तेव्हा उप कॅबिनेट सचिव, म्हणजे सरकारातल्या वरिष्ठ अधिकारी होत्या. संरक्षक पोशाख बायकांच्या अंगाला नीट बसत नाहीत, ही साधी गोष्टही वर पोचणं किती अवघड होतं, हे त्यांनी आयोगापुढे सांगितलं आहे. आरोग्यसेवेत बहुसंख्या बायकांची असताना ही स्थिती. कोविडने गेलेले ब्रिटनमधले पहिले दहा डॉक्टर तर सगळे अल्पसंख्य वंशांचे होते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. संकटात चर्चेला वेळ नसतो, घर पेटल्यावर कोणी सभा भरवत नाही. हे मला मान्य आहे. आग विझवताना एकानेच हुकूम द्यावा. पण धूर दिसल्यापासून ज्वाळा येईपर्यंत दोन महिने मिळाले होते, त्यांचं काय? आणि चर्चा वगळून वेग आला का? इंग्लंडमधला टाळेबंदीचा आदेश २६ मार्चला दुपारी एक वाजता लागू झाला. खासदार आदल्याच दिवशी सुट्टीवर गेले होते. त्या आदेशावर सभागृहात चर्चा झाली ती ४ मेला. म्हणजे दुसऱ्या लाटेपर्यंत सरकारला अडवणारं कुणी नव्हतं. तरीही २१ सप्टेंबरला ‘सेज’ने थोड्या दिवसांची टाळेबंदी सुचवली आणि ती लागू व्हायला ५ नोव्हेंबर उजाडला. १६ डिसेंबरला पंतप्रधान म्हणाले, नाताळ रद्द करणं अमानुष ठरेल. १९ तारखेला लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये तो रद्द केला. ४ जानेवारी २०२१ च्या सोमवारी प्राथमिक शाळेतली लाखो मुलं वर्गात गेली आणि त्याच रात्री आठ वाजता शाळा बंद झाल्याचं टीव्हीवर सांगितलं. मूठभरांच्या हाती सगळे अधिकार होते तो हा काळ. मग वेग गेला कुठे?

ऑगस्ट २०२० मधली हॉटेलात अर्ध्या किमतीत जेवणाची योजना आठवा. सोमवार ते बुधवार, माणशी दहा पौंडांपर्यंत सूट, सरकारचा खर्च ८५ कोटी पौंडांच्या घरात. आपल्याला आधी विचारलं नव्हतं, असं व्हॅलन्स आणि व्हिटी दोघांनी आयोगापुढे सांगितलं. घोषणेपासून अंमलबजावणीपर्यंत जवळजवळ महिना होता, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, असं सुनक यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. रोजगार वाचवण्याची त्यांची तळमळही खोटी नव्हती. काम बंद असतानाही पगार देणाऱ्या त्यांच्या योजनेने एक कोटीहून जास्त नोकऱ्यांना आधार दिला आणि माझ्या ओळखीची कितीतरी घरं त्यावर तगली. पण अर्थमंत्री आणि आरोग्य सल्लागार ज्या टेबलाशी एकमेकांना तोंडावर नाही म्हणू शकतात, असं टेबलच नसेल, तर हरकत घ्यायची कुठे?

आमच्या लेस्टरचं तर काय सांगावं. २९ जून २०२० च्या रात्री आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केलं की इंग्लंड उघडणार, लेस्टर मात्र बंद राहणार. कोणत्या भागात किती रुग्ण आहेत, हे केंद्राला माहीत होतं. पण खासगी प्रयोगशाळांत होणाऱ्या चाचण्यांचे तपशील पालिकेला अनेक आठवडे धड मिळतच नव्हते, आणि महापौर ते जाहीरपणे मागत होते. इथल्या कपड्यांच्या छोट्या कारखान्यांत कोण कामाला जातं, एका घरात तीन पिढ्या कुठे राहतात, कुणाला गुजरातीत समजावायचं आणि कुणाला पंजाबीत, हे पालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पाठ होतं. बाधितांच्या संपर्कात आलेल्यांना शोधण्याचं काम मात्र केंद्राकडून चालवलेल्या कॉल सेंटरांना दिलं गेलं. चाचण्या आणि संपर्क शोधण्याच्या त्या सगळ्या यंत्रणेसाठी दोन वर्षांत ३७ अब्ज पौंडांची तरतूद होती. त्याच यंत्रणेला माहिती पुरवताना सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला १५,८४१ बाधितांची नोंद गळली, कारण एक्सेलच्या जुन्या फाईलमध्ये तेवढ्या ओळी मावल्याच नाहीत. त्या माणसांच्या संपर्कात कोण आलं, हे शोधायचे ते मोलाचे दिवस गेले. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानांची शटरं १५ जूनला वर गेली होती, ३० तारखेला पुन्हा खाली आली. आमच्या शिंप्याने लग्नाचे शिवलेले ब्लाऊज खिडकीतून हात बाहेर काढून दिले.

कुणी म्हणेल, लस? तिथे तर मूठभरांनीच यश मिळवलं. हा आक्षेप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. लशी मिळवण्यासाठी सरकारने नेमलेल्या केट बिंगम यांच्या छोट्या गटाने, कोणती लस चालेल हे ठाऊक नसताना वेगवेगळ्या लशींचे करार आधीच करून ठेवले आणि ८ डिसेंबर २०२० ला कॉव्हेन्ट्रीत नव्वद वर्षांच्या मार्गारेट कीनन यांना पहिली टोचणी मिळाली. या देशाने अभिमान बाळगावा असं ते काम आहे. पण उद्दिष्ट एकच होतं आणि त्यावर देशात फारसं दुमत नव्हतं. वाया गेला असता तो पैसा. लोकांवर टोचण्याचा निर्णय मात्र या गटाकडे नव्हता, तो स्वतंत्र औषध नियामकाकडे होता. लस आधी कुणाला, याची यादी तज्ज्ञ समितीने कारणांसह उघड केली. वृद्ध निवास पहिले, मग मुख्यतः वयाच्या उतरत्या क्रमाने. दोन मात्रांमधलं अंतर बारा आठवड्यांपर्यंत वाढवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने जाहीर विरोध केला, फायझरनेही आपल्याकडे एवढ्या अंतराची माहिती नसल्याचं सांगितलं. समितीने आपली गणितं लोकांसमोर ठेवली, वाद झडला, निर्णय टिकला आणि तो बरोबर ठरला. साथीच्या काळातला हा सर्वांत यशस्वी निर्णय भर चौकात वाद घालून घेतला गेला होता.

टाळेबंदीच्या विरोधकांचंही बरंच काही खरं आहे. निवृत्त न्यायमूर्ती जोनाथन सम्प्शन सुरुवातीपासून सांगत होते की कोट्यवधी निरोगी लोकांना एका मंत्र्याच्या सहीने घरात कोंडणं या देशाच्या परंपरेत बसत नाही. डर्बीशायरच्या पोलिसांनी डोंगरात एकटं-दुकटं फिरणाऱ्यांवर ड्रोन सोडून त्यांची चित्रफीत प्रसिद्ध केली, तेव्हा सम्प्शन यांचं म्हणणं मलाही पटलं होतं. सक्तीने साथ हाताळली की काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १८९७ च्या पुण्यात याच ब्रिटिश सत्तेच्या प्लेग कमिटीने सोल्जर घराघरांत घुसवले, देवघरं तुडवली, बायाबापड्यांच्या तपासण्या केल्या. जनतेचा एकही प्रतिनिधी त्या निर्णयात नव्हता. लोक रोगी लपवू लागले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. लोकांना विचारात न घेता केलेली चांगली उपाययोजनाही फसते, हे सम्प्शन यांच्या बाजूने जातं. पण त्यांचे अनुयायी पुढे म्हणतात की म्हणून काहीच करायला नको होतं, तिथे माझी वाट वेगळी होते. हॅलेट यांच्या अहवालातच असं म्हटलं आहे की फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला चाचण्या, विलगीकरण आणि साधी बंधनं वेळेवर आली असती, तर सक्तीची टाळेबंदी कदाचित आखूड झाली असती किंवा लागलीही नसती. जो टाळेबंदीच्या बाजूचा आहे आणि जो विरोधातला आहे, दोघांनीही संतापायला हवं ते फेब्रुवारीवर. मग ते २३ मार्चवर एकमेकांचे गळे का धरतात?

थेम्सच्या काठी, संसदेच्या बरोबर समोरच्या तीरावर एक लांबच लांब भिंत आहे. तिच्यावर लोकांनी हातांनी लाल बदाम रंगवले आहेत, गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. या देशात सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. भिंतीच्या मागेच सेंट थॉमस रुग्णालय आहे. एप्रिल २०२० मध्ये जॉन्सन तिथेच अतिदक्षता विभागात होते. मागच्या वर्षी मी आमच्या माणसाचा बदाम शोधायला गेलो होतो. पहिला रंग उन्हापावसाने गुलाबी पडलेला. एक बाई छोटा डबा आणि बारीक ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसून तो पुन्हा भरत होत्या, कोण कुणाचं हे न विचारता. आमचं मराठी नाव मी पुन्हा मार्करने लिहिलं. मान वर केली की पाण्यापलीकडे संसदेची गच्ची दिसते, उन्हाळ्यात तिथे सभासद चहा घेत उभे असतात.

त्या इमारतीत करायचं काम अहवालात लिहिलेलं आहे. इंग्लंडमधले बहुतेक आदेश १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली निघाले. त्यातल्या तातडीच्या तरतुदीनुसार मंत्री आधी सही करतो, नियम लागू होतो आणि संसदेची मान्यता २८ दिवसांत घ्यायची असते. संसदेच्या लांब सुट्टीचे दिवस त्यात धरत नाहीत. कित्येकदा सभागृहात चर्चा व्हायच्या आत मूळ नियमच बदललेला असे. अशा अधिकारांना मुदत घाला, संसदेला नियमित हिशेब द्या आणि ‘सेज’मध्ये माणसं घेताना खुली निवड करा, असं हॅलेट यांनी सुचवलं आहे. २३ हजारांच्या आकड्यावर आमच्या खासदारांच्या सभेत गेल्या महिन्यात दीड तास भांडण झालं. मी उठून या शिफारशींबद्दल विचारलं, तेव्हा सभागृहातल्या एकानेही त्या वाचलेल्या नव्हत्या. मी ती पानं छापून घेतली आहेत आणि पुढच्या सभेला प्रत्येक खुर्चीवर ठेवणार आहे.